पाण्यात पास झालेला नमुना

प्रिय बेडक्या,

पार्सल तू आधी फोडलं असणार आणि पत्र मागाहून हातात घेतलं असणार, हे मला बसल्या जागी दिसतंय. लहानपणापासून तुझं असंच. तेव्हा त्यातून निघालेलं काळं बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पूर्ण बाह्यांचा निळा सदरा जरा बाजूला ठेव आणि आधी हे वाच. बेडक्या म्हटलं म्हणून रागावू नकोस. तुझं नवं नाव मी आता न अडखळता घेते, आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यातसुद्धा घेते, आणि कुणी भुवया उंचावल्या तर आणखी मोठ्यानं घेते. पण बेडक्या हे नाव बाबांनी तुला पहिल्यांदा तळ्यात सोडलं त्या दिवशी पडलेलं. ते तेव्हाही मुलाचंच होतं, आजही आहे. चांगल्या शिवलेल्या कपड्याला उगाच कात्री लावू नये, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही.

इकडचं सगळं ठीक आहे. जिन्यातला दिवा अजून दुरुस्त झालेला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी या वयात बासरी शिकायला घेतली आहे आणि त्या रोज संध्याकाळी आमचा अंत पाहतात. बाबा हल्ली पंपांच्या वर्कशॉपमध्ये अर्धाच दिवस जातात. जड मोटारी आता दुसरे लोक उचलतात आणि हे शेजारी उभे राहून त्यांच्या चुका काढतात, त्यामुळे वर्कशॉपमध्ये सगळे त्रासलेले आहेत आणि हे खूश आहेत. माझे डोळे बारीक दोऱ्यापुढे हार मानायला लागलेत, पण हाताला अजून सगळं दिसतं.

आता मुद्द्यावर येते. उन्हाळ्यात तू आलास तेव्हा आपण तिघं तळ्यावर गेलो होतो, आठवतं? ऊन असं होतं की धक्क्याच्या फळ्या चपलांतूनही चटके देत होत्या. बाबा पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आले, मधे उताणे पडून आपल्याला हात केला, आणि तू तो जाड सदरा गळ्यापर्यंत लावून फळीवर बसला होतास. पाय पाण्यापासून वीतभर वर धरलेले. घामानं पाठ भिजलेली. बाबांनी तुला ये म्हटलं नाही. तुझे बाबा मोटार उघडताना कुणाला भीत नाहीत, पण नाही हा शब्द तुझ्या तोंडून ऐकायला फार भितात. आणि मी तुझ्याकडे बघत होते. तू त्या पाण्याकडे ज्या नजरेनं बघत होतास ती नजर मला घरी येईपर्यंत सुधरू देईना. भुकेलं माणूस दुकानाच्या काचेतून बघतं ना, तसं. चालता येण्याआधी ज्यानं पाण्यात पाय मारले, त्यानं वयात आल्यापासून घोट्याच्या वर पाण्यात पाऊल टाकलेलं नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी दोरीवरचे कपडे काढताना टॉवेलच्या आड लपवलेलं तुझं ते छाती आवळून सपाट करायचं बनियन माझ्या हाताला लागलं. लपवून काय करतोस, आईपासून कापड लपतं का? लोक माणसाचा चेहरा बघतात, मी शिवण बघते. उलटं करून पाहिलं आणि खरं सांगते, तिथेच दोरीपाशी उभी राहिले. पुढून दोन पदर, त्यातला आतला जराही न ताणणारा; पाठीला मात्र ताण घेणारं कापड; मुंढे असे कापलेले की हात वर केला तरी काखेत काचू नये. ज्या कुणी ते कापलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. एवढ्याशा कापडात केवढा विचार. आणि मग त्यातल्या शिवणीची खूण तुझ्या अंगावर कुठे उठत असेल ते बोटानं चाचपलं, आणि कौतुक करावं की रडावं ते कळेना.

त्या दुपारी ओट्यापाशी मी तुला सरळ विचारलं आणि तू आधी कानापर्यंत लाल झालास. पण मग बोललास. मी भाजी चिरत होते, तू चिरलेली भाजी एकेक करून खात होतास आणि सांगत होतास, आणि मला वाटलं हा माझ्या पोटचा मुलगा माझ्याच धंद्यातला निघाला की. कुठलं बनियन किती तास घालायचं, ते घालून झोपायचं का नाही, माप एक नंबर लहान घ्यायचा मोह का आवरायचा, सगळं तुला तोंडपाठ. शाळेत असताना तू औषधांच्या डब्यातली लवचीक पट्टी गुंडाळायचास हेही तेव्हाच सांगितलंस. ती पट्टी श्वासागणिक आणखी आवळत जाते, बरगड्यांची वाट लावते, ती कुणीच वापरू नये म्हणालास. मी तेव्हा ती पट्टी सारखी संपते म्हणून बाबांच्या गुडघ्याला दोष देत होते, आणि बाबा बिचारे माझा गुडघा धडधाकट आहे म्हणून शपथा घेत होते. मग मी विचारलं, हेच घालून पाण्यात का नाही उतरत? तू म्हणालास, साधं बनियन ओलं झालं की जड होतं, अंगाला चिकटतं, लवकर निघत नाही, आणि पोहायला तर छाती भरून श्वास लागतो. पोहण्यासाठीची वेगळी असतात, पण तू मागवलेलं एक न्हाणीघरात अंगावर पाणी घेताच वर सरकलं आणि दुसऱ्याच्या आत इतकं पाणी भरलं की तू तिथूनच परत फिरलास. आणि मग अगदी सहज, भाजीकडे बघत, म्हणालास की जाऊ दे आई, छातीच्या ऑपरेशनचा नंबर लागेल तेव्हा बघू, नाही लागला तर नाही. पाणी काय, सगळ्यांच्याच वाट्याला येतं असं नाही.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. तू गाडीत बसलास आणि मी त्याच संध्याकाळी कापायला बसले.

तुला माहीत आहे, आमच्या कारखान्यात एक नियम आहे. कटिंगमास्तरांचा. कुठलाही नवा युनिफॉर्म आला की ज्यानं नमुना शिवला त्यानंच तो घालायचा आणि ज्याच्यासाठी शिवला त्याचं काम करून दाखवायचं. त्याशिवाय नमुना पास नाही. वेटरच्या कोटासाठी मी हातात तबक घेऊन सबंध हॉलभर फिरलेली आहे. मेकॅनिकच्या डांगरीसाठी कापायच्या टेबलाखाली सरपटलेली आहे, आणि तेव्हा मास्तर वाकून विचारत होते, गुडघ्यात आखडतंय का? नर्सच्या अंगरख्यासाठी आमच्या हिशेबनिसाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं होतं, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सांगायचं म्हणजे, कपडा टेबलावर कधीच चुकत नाही. तो कामावर चुकतो.

पण तुझ्या बनियनाचं काम पाण्यात, आणि मी तोवर जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेले नव्हते. तुम्ही दोघं पोहायला जायचात तेव्हा मी काठावर टॉवेल सांभाळणारी बाई. म्हणून पहिल्यांदा बाबा पुढे झाले. मी कुठे काय लपवते ते त्यांना लगेच कळतं. शिवणयंत्राच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं की हे कारखान्याचं काम नाही. मी सांगितलं. त्यांनी जाऊन डबा धुतला, परत आले आणि म्हणाले, नमुना मी घालतो, पोहणारा मी आहे. आणि पुढे पोटाकडे आणि छातीकडे बघून म्हणाले, तशी माझीही आता काही सपाट राहिलेली नाही. त्यांनी घातलं, तळ्यात जाऊन आले आणि म्हणाले, एक नंबर, काही त्रास नाही. मी म्हटलं, तुम्हाला कसला त्रास होणार, ज्यासाठी शिवलं ते तुमच्यापाशी आहे कुठे? ते ज्यावर तपासता येईल असं घरात अंग एकच होतं, माझं, आणि मापही तुझ्याएवढंच.

पुढचं वाचताना हसायचं असेल तर हस, पण एकदाच. मी बाबांची जुनी चड्डी घातली, वर ते बनियन, त्यावर त्यांचा सदरा, आणि सकाळी उजाडताना, तळ्यावर कुणी नसताना, त्यांचा हात धरून पायऱ्या उतरले. पहिला नमुना मी कशाचा शिवला होता सांगू? डांगरीच्या कापडाचा. एवढी वर्षं युनिफॉर्म शिवून हाताला एकच सवय, कापड दणकट हवं, टिकलं पाहिजे. कोरडं असताना असं बसलं होतं की मी आरशासमोर स्वतःवर खूश झाले. पाण्यात छातीपर्यंत गेले आणि कापडानं पाणी प्यायला सुरुवात केली. ते आवळलं, जड झालं, आणि मी घाबरून श्वास घ्यायला गेले तर श्वास आत जाईना. वरवरचा येतो आणि तिथेच अडकतो. पुढून उघडायला काही ठेवलेलंच नव्हतं, डोक्यावरून काढायचं होतं, आणि ओलं कापड काखेत घट्ट बसलेलं. बाबांनी मला उचलून पायरीवर ठेवलं आणि खिशातल्या चाकूनं ते खालपासून वर फाडलं. माझी स्वतःची शिवण, एका झटक्यात. तिथे बसून मी छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबांना वाटलं घाबरले म्हणून. घाबरले होतेच. पण मी विचार करत होते की शाळेत, ती पट्टी गुंडाळून, तू जिने चढायचास. पळायच्या शर्यतीत दुसरा आलास. घरी येऊन जेवताना आम्हाला विनोद सांगायचास. अर्ध्या श्वासावर एवढं सगळं. बेडक्या, मी शूर माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण एक माझ्याच घरात, माझ्यासमोर ताट घेऊन बसत होतं आणि मीठ मागत होतं.

मास्तरांना मी सगळं सांगितलं. चष्मा पुसून ते म्हणाले, पोराला पोहायचंय होय? मग पाणी न पिणारं कापड आणा, दणकटपणा डोक्यातून काढा. बस, एवढंच. बाकी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पोहण्याच्या कपड्यांचं नायलॉन आणि आत लावायला बारीक जाळी ठेवलेली. पुढे मी तयार मिळणारे कपडेही मागवले, धंद्यातल्या माणसानं दुसऱ्याचं काम बघितलंच पाहिजे. काही खरंच सुंदर होते. एक गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध होता, तो घालायला मला बाबांची मदत लागली आणि काढायला जवळजवळ अग्निशमन दलाची. मग ती त्वचेवर लावायची चिकटपट्टी, जी अंगाभोवती गुंडाळायची नसते, नुसती बाजूला ओढून चिकटवायची असते. ती पाण्यातही चालते म्हणे. ती तपासायला बाबांनी स्वतःच्या केसाळ छातीवर लावली आणि मी ओरडायच्या आत खसकन ओढून काढली. तेल लावून, भिजवून, हळूहळू काढायची असते, हे पाकिटावर लिहिलेलं त्यांनी नंतर वाचलं. वरच्या बाईंची बासरी त्या क्षणी थांबली, तेवढाच आमचा फायदा. ज्याच्या त्याच्या अंगाला काय सोसतं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, एवढं मी शिकले. तुला चिकटपट्टीनं पुरळ उठतं असं तू म्हणाला होतास, म्हणून मी पुन्हा बनियनाकडेच वळले.

दुसरा नमुना बरा होता, पण पाण्यात वर सरकायचा. त्याच्यानंतर मधे काही दिवस काम थांबलं, घरात जरा धावपळ होती. मग तिसरा बसला, जो आता तुझ्या हातात आहे. पुढे आतून जाळी आहे, ती ताणत नाही आणि पाणी धरत नाही. कडा आणि पाठ ताणतात, त्यामुळे बरगड्यांना फुलायला जागा राहते. पुढून चेन दिली आहे, तिच्यावर पट्टी, कुणाला दिसणार नाही, पण तुला एका हातानं खालपर्यंत उघडता येईल. हे मी आता कधीच विसरणार नाही. खाली दोन पट्टे चड्डीच्या कमरेला अडकतात, म्हणून ते वर सरकत नाही. दोन्ही बाजूंना शिवणीत जादा कापडाची माया सोडली आहे, लागलं तर उसवून सैल करता येईल. आवळायला मात्र जागा ठेवलेली नाही, ते मुद्दाम. निळा सदरा सैल आहे, गडद आहे, पोहणारे उन्हासाठी घालतात तसाच. तळ्यावर असे सदरे घातलेली माणसं आता पुष्कळ दिसतात, मी पाहून ठेवलं आहे.

तिसरा नमुना घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा काय झालं ते सांगते, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. आरशात मी होते, आणि छाती सपाट होती. मला एकदम चुकल्यासारखं झालं. माझं काहीतरी कुणी उचलून नेलंय, हे शरीर माझं नव्हे, असं वाटून मी हात तिथे धरला. जेमतेम दोन क्षण. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे मला जे घातल्यावर वाटलं, ते तुला न घालता वाटतं. रोज सकाळी. मी तुझ्यावर प्रेम करत होतेच, तू जसा आहेस तसा तुला मानतही होते, पण मानणं म्हणजे काय याची मला कल्पनाच नव्हती. मी आरशासमोरच्या स्टुलावर बसले. एवढी वर्षं लोकांची मापं घेतली, पाठ, खांदा, कंबर, आणि माणूस आपल्या कातडीच्या आत कुठे असतो त्याचं माप घ्यायला कुणी शिकवलं नाही. तू ते स्वतःचं स्वतः घेतलंस, तेही एवढासा असताना, अंधारात चाचपडत, आणि ते बरोबर निघालं. मला याचं इतकं नवल वाटतं की मी हे लिहिताना मधेच थांबून खिडकीपाशी जाऊन आले.

मग पाणी. तेही सांगते. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे होते, त्याच्या पुढे जायचं त्यांनी नाव काढलं नाही, आणि माझ्या पाठीखाली त्यांचा हात होता. म्हणाले, श्वास घे आणि आभाळाकडे बघ, काही करू नकोस. मला आयुष्यात काही न करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी श्वास घेतला, पूर्ण, पोटापर्यंत, बनियन त्याच्याबरोबर फुललं आणि बसलं. कान पाण्यात गेले आणि सगळं गप्प झालं. पाय वर आले, माझे, आपोआप. मी तरंगत होते. बाबांनी हात कधी काढला मला कळलंच नाही. वर एवढं मोठं आभाळ आणि खाली एवढं पाणी, आणि मधे मी, डांगऱ्या शिवणारी बाई, काही वजन नसलेली. तू लहानपणी पाण्यातून बाहेर यायला का भांडायचास ते मला त्या दिवशी कळलं. मी तुला ओढून काढायचे आणि पुसायचे, आणि मला वाटायचं हट्टी आहे. बाहेर आल्यावर मी बाबांना म्हटलं, नमुना पास. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

आता आईच्या सूचना, त्या टाळता येणार नाहीत. हे पाण्यात आणि पाण्यापुरतंच घालायचं. बाहेर आलास की काढायचं, गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचं, पिळायचं नाही. पाण्यात जाण्याआधी एकदा छाती भरून श्वास घ्यायचा आणि मोठ्यानं आपलं पूर्ण नाव म्हणायचं. नाव अर्ध्यावर अडकलं तर बनियन सैल करायचं, नाव लहान करायचं नाही. दुखलं, मुंग्या आल्या, दम लागला तर चेन उघडायची आणि काठावर यायचं, तिथे शौर्य दाखवायचं नाही. शौर्याचा तुझा कोटा कधीच भरला आहे. आणि बसलं नाही, काचलं, आवडलं नाही, तर तसं सांग. कौतुकासाठी खोटं बोलू नकोस, मी चौथा शिवीन.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आधी लिहिलं असतं तर तू बनियनाकडे न बघता, होतास तसा धावत आला असतास, आणि तू धाकानं पाण्यात यावंस असं मला नको होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्याच्या मधे घरात धावपळ होती असं म्हटलं ना, ती बाबांच्या छातीत दुखलं म्हणून. तू फोन केलास तेव्हा ते वर्कशॉपच्या कामाला बाहेरगावी गेलेत म्हणून मी सांगितलं, तेव्हा ते हॉस्पिटलच्या खाटेवर बसून मला खुणा करत होते, सांगू नको म्हणून. आता बरे आहेत, खरंच बरे आहेत, शपथ घेऊन सांगते. मागच्या आठवड्यात तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला, हिंडा, पोहायचं तर पोहा, सावकाश, पण एकट्यानं आता कधीही नाही, शेजारी चांगला पोहणारा हवाच. मला वाटलं आता हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसणार, कारण माझ्या तरंगण्याच्या भरवशावर कुणी कुणाला वाचवू शकत नाही. पण बाबा लगेच म्हणाले, आहे की, माझा मुलगा असतो रोज बरोबर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चांगला पोहतो का? तर म्हणाले, माझ्यापेक्षा चांगला, मी मागे पडलो तर थांबतो माझ्यासाठी. बेडक्या, परक्या माणसापुढे माझा मुलगा असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही किती सहज. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि पोहायची परवानगी दिली. तेव्हापासून ते तळ्यावर जातात, धक्क्यावर बसतात, पाण्याकडे बघतात आणि कोरडेच परत येतात. तुला बोलवा म्हटलं तर म्हणतात, त्याला अवघड करू नकोस. माझ्या लग्नाच्या माणसानं सबंध आयुष्यात मारलेली ही एकच थाप आहे. ती खरी करायला ये.

तुझीच,
आई